सलीम अली

डॉ. सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली (जन्म : १२ नोव्हेंबर १८९६, मुंबई, मृत्यू : २० जून १९८७, मुंबई) हे भारतीय पक्षिशास्त्रज्ञ, लेखक आणि निसर्गसंवर्धक होते. भारतीय पक्ष्यांची पद्धतशीर सर्वेक्षणे करणारे ते पहिले भारतीय अभ्यासक मानले जातात. पक्ष्यांची भरलेली कातडी मोजून, ताडून त्यांची नावे ठरविण्याचे शास्त्र त्यांनी बर्लिनमध्ये आत्मसात केले. परंतु त्यांची अभ्यासक म्हणून खरी ओळख झाली ती रायगड जिल्ह्यातील (तत्कालीन कुलाबा जिल्हा) किहीम येथे, सुगरण पक्ष्याच्या जिवंत वसाहतीपुढे बसून केलेल्या निरीक्षणांमुळे. संग्रहालयातील नमुना आणि रानातील जिवंत पक्षी या दोन टोकांमधील ओढाताण त्यांच्या साठ-सत्तर वर्षांच्या कार्यात सातत्याने दिसते.

बालपण आणि पिवळ्या गळ्याची चिमणी

सलीम अली यांचा जन्म मुंबईतील सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील मोइझुद्दीन आणि तीन वर्षांचे असताना आई झीनत-उन-निसा यांचे निधन झाले. पोरक्या झालेल्या या मुलांना मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या पत्नी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील आपल्या घरी वाढविले. या दांपत्याला स्वतःचे अपत्य नव्हते. स्वातंत्र्यसैनिक अब्बास तय्यबजी हेही त्यांचे मामा.

अमिरुद्दीन हे शिकारीचे शौकीन आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. घरातील मुलांच्या हाती खेळण्यातली हवेची बंदूक असे आणि चिमण्या टिपणे हा त्यांचा उद्योग असे. एके दिवशी सलीमने टिपलेली चिमणी नेहमीसारखी नव्हती. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. असा पक्षी खाण्यास योग्य की अयोग्य, हा प्रश्न त्या धार्मिक वळणाच्या घरातील मुलाला पडला. मामांनाही उत्तर देता येईना, म्हणून त्यांनी ओळखपत्र देऊन मुलाला सोसायटीचे मानद चिटणीस डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्ड यांनी ती पिवळ्या गळ्याची चिमणी असल्याचे सांगितले आणि मुलाला सोसायटीच्या संग्रहाची कपाटे उघडून दाखविली. एकेक खण बाहेर ओढला जात होता आणि प्रत्येक खणात ओळीने मांडलेले, पायाला चिठ्ठ्या बांधलेले पक्षी निघत होते. मिलार्ड यांनी वाचावयास पुस्तकेही दिली. नमुने जमवून ते जतन कसे करावेत, याचे पहिले धडे सलीमला याच इमारतीत मिळाले. संग्रहाचे अभिरक्षक नॉर्मन बॉइड किनियर यांच्याशी त्यांची ओळख मिलार्ड यांनीच करून दिली. हे किनियर पुढे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेले आणि अखेरपर्यंत सलीम अलींचे साहाय्यक राहिले.

शाळेत सलीम हुशार गणला जात नव्हता. तेराव्या वर्षाच्या सुमारास सतत डोकेदुखीचा त्रास होऊ लागल्याने त्याला हवापालटासाठी सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठविण्यात आले. १९१३ मध्ये तो मॅट्रिकची परीक्षा जेमतेम उत्तीर्ण झाला.

तव्हॉय, विवाह आणि संग्रहालयातील नोकरी

सेंट झेवियर्स महाविद्यालयातील पहिले वर्ष कठीण गेल्यानंतर सलीम अली ब्रह्मदेशातील तव्हॉय येथे कुटुंबाच्या वुल्फ्रॅम धातूच्या खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय सांभाळण्यास गेले. भोवती घनदाट अरण्य होते. धंद्यापेक्षा त्यांचे लक्ष पक्ष्यांकडेच अधिक राहिले, याबद्दल त्यांचे बहुतेक सर्व चरित्रकार एकमुखी आहेत. १९१७ मध्ये मुंबईस परतल्यावर त्यांनी दावर महाविद्यालयात व्यापारी कायदा व हिशेबाचे शिक्षण घेण्यास आरंभ केला. पण सेंट झेवियर्समधील वनस्पतिशास्त्रज्ञ फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी त्यांना प्राणिशास्त्राकडे वळविले. डिसेंबर १९१८ मध्ये त्यांचा विवाह दूरच्या नात्यातील तेहमिना बेगम यांच्याशी झाला.

विद्यापीठाची पदवी नसल्याने भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागातील पक्षिशास्त्रज्ञाचे पद त्यांना मिळू शकले नाही. ही उणीव त्यांना पुढेही भोवली. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये (आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) नव्याने उघडलेल्या निसर्गविज्ञान विभागात त्यांना मार्गदर्शक व्याख्याता म्हणून दरमहा ३५० रुपयांवर नेमण्यात आले. शाळांच्या मुलांना आणि प्रेक्षकांना काचेआडचे प्राणी-पक्षी समजावून सांगणे हे त्यांचे काम होते. दोन वर्षांत या कामाचा त्यांना कंटाळा आला आणि १९२८ मध्ये त्यांनी अभ्यासरजा घेतली.

बर्लिन : नमुन्यांच्या खणांतील शिक्षण

सलीम अलींना बाहेर का जावे लागले, हे समजण्यासाठी त्या काळातील पक्षिशास्त्राची रीत लक्षात घ्यावी लागते. एखाद्या जातीचे शास्त्रीय नाव प्रथम दिले जाते तेव्हा ते कोणत्या तरी एका विशिष्ट नमुन्याच्या आधारे दिले जाते. त्याला प्ररूप नमुना म्हणतात. पुढे कितीही मतभेद झाले तरी ते नाव त्याच नमुन्याला चिकटलेले राहते. वाद मिटविण्यासाठी अखेर तोच नमुना खणातून काढून पाहावा लागतो. सोमलयुक्त साबण लावून टिकविलेले आणि कापूस भरलेले पक्ष्याचे कातडे, त्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी आणि तिच्यावर लिहिलेले स्थळ, दिनांक, लिंग व संग्राहकाचे नाव एवढाच तो ऐवज असतो. चिठ्ठी हरवली किंवा खोटी निघाली तर नमुन्याची किंमत जवळजवळ शून्य होते.

भारतीय पक्ष्यांचे बहुसंख्य प्ररूप नमुने भारतात नव्हतेच. राष्ट्रीय सभेचे संस्थापक म्हणून आपल्याकडे सर्वपरिचित असलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे त्यांच्या काळातील सर्वांत मोठे भारतीय पक्षिसंग्राहकही होते. ज्या १८८५ साली मुंबईत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले, त्याच वर्षी ह्यूम यांचा सिमल्यातील प्रचंड संग्रह, पंचाहत्तर हजारांहून अधिक नमुने आणि त्यांतील अडीचशेहून अधिक प्ररूप नमुने, ब्रिटिश म्युझियमकडे लंडनला रवाना झाला. मुंबईच्या बागेतील बुलबुलाचे नाव निश्चित करण्यासाठी युरोपातील खण उघडावे लागत, अशी ही स्थिती होती.

सुगरणीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. या पक्ष्याला लिनियसने १७६६ मध्ये लोक्सिया फिलिपिना असे नाव दिले, कारण हाती आलेल्या माहितीत तो फिलिपाइन्सचा म्हणून नोंदला होता. वास्तविक तो तेथे आढळतच नाही. मूळ स्थळ सिलोन (श्रीलंका) असे पुढे दुरुस्त करण्यात आले. पण नावाचा नियम असा की चुकीचे असले तरी पहिले नावच चालू राहते. कोकणातील शिंदीवर घरटे लटकविणारा हा पक्षी शास्त्रात आजही प्लोसियस फिलिपिनस म्हणूनच ओळखला जातो.

सलीम अली बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिसंग्रहालयात प्रा. एर्विन स्ट्रेसेमान यांच्याकडे गेले. जे. के. स्टॅनफर्ड यांनी ब्रह्मदेशात जमविलेल्या पक्षिनमुन्यांची तपासणी हा त्यांच्या तेथील कामाचा एक भाग होता. ब्रिटिशांच्या ताब्यातील प्रदेशाचे पक्षी जर्मनीत नेऊन तपासणे काही इंग्रज अभ्यासकांना रुचले नाही. स्ट्रेसेमान यांनी मात्र त्यांना पूर्ण मोकळीक दिली आणि सलीम अलींनी त्यांना आयुष्यभर गुरुस्थानी मानले. बर्लिनमध्ये त्यांना पक्ष्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या ऑस्कर हाइनरोथ यांच्यासारख्या संशोधकांचा सहवासही लाभला. हेलिगोलँड बेटावरील वेधशाळेत त्यांनी पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा मागोवा घेण्याची पद्धत पाहिली. नमुन्याची चिठ्ठी मेलेल्या पक्ष्याच्या पायात असते. येथे जिवंत पक्षी आपली चिठ्ठी पायात घेऊन उडत होता.

किहीम

१९३० मध्ये मायदेशी परतल्यावर पैशांअभावी आपले पदच रद्द झाल्याचे त्यांना कळले. वय चौतीसच्या घरात, विशेष प्रशिक्षण गाठीशी, आणि त्या प्रशिक्षणाला साजेशी एकही नोकरी देशात नाही. मुंबईत राहण्याचा खर्च झेपणारा नव्हता. सलीम अली आणि तेहमिना यांनी बंदरापलीकडील किहीमचा रस्ता धरला. अलिबागच्या उत्तरेस समुद्रकिनाऱ्यावर वसलेल्या या गावात तय्यबजी परिवारातील अनेकांची सुट्टीची घरे होती. नारळी-पोफळीच्या वाड्या, सुरूची झाडे, भाताची खाचरे आणि विहिरी असा हा परिसर. पावसाळा सुरू होताच घराजवळ सुगरणींची वसाहत गजबजली.

सलीम अलींजवळ या वेळी प्रयोगशाळा नव्हती, संग्रह नव्हता, वेतन नव्हते. वेळ मात्र भरपूर होता. त्यांनी वसाहतीच्या अगदी जवळ बसून दिवसामागून दिवस टिपणे घेतली. कोणता नर कोणते घरटे बांधतो, कोणती मादी केव्हा येते, कोणत्या घरट्याचे पुढे काय होते, याची नोंद ते ठेवीत गेले. खणातील कातड्यावरून यातले काहीही कळण्याजोगे नव्हते.

सुगरणीच्या वसाहतीत पुरी झालेली आणि अर्धवट सोडलेली अशी दोन्ही प्रकारची घरटी दिसतात. अर्धवट घरटी ही नराने स्वतःच्या विसाव्यासाठी बांधलेली असतात, असा जुन्या लेखकांचा समज होता. घरट्यात चिकटविलेल्या चिखलाच्या गोळ्यांत हा पक्षी काजवे बसवून दिवा लावतो, ही लोककथाही सर्वत्र प्रसिद्ध आहे. किहीमच्या निरीक्षणांनी घरट्याचा खरा हिशेब पुढे आणला. घरटे बांधतो तो नर. गवताच्या आणि ताड-माडाच्या पात्यांच्या लांब चिरफळ्या काढून तो विणकाम करतो. घरटे शिरस्त्राणाच्या आकाराचे, म्हणजे अर्धे झाले की माद्यांचा थवा वसाहतीत उतरतो. नर पंख फडफडवीत, कलकलाट करीत घरट्याला लटकतात. मादी आत शिरते, विणीला चोचीने ओढून पाहते, पसंत पडले तर राहते, नाही तर पुढच्या घरट्याकडे जाते. पसंती मिळाल्यावरच नर अंड्यांचा कप्पा आणि प्रवेशाची लांब नळी पुरी करतो. जे घरटे कोणालाच आवडत नाही, ते तसेच अर्धवट राहते. नराच्या विश्रांतीचा यात संबंध नाही. अर्धवट घरटे हे नाकारलेले घरटे असते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे होती. मादी अंड्यांवर बसली की नर त्याच वसाहतीत दुसरे घरटे बांधायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. तेही पसंत पडले तर तिसरे. एकाच विणीच्या हंगामात एकामागून एक जोडीदारिणी मिळविण्याची ही रीत सलीम अलींनी क्रमाने नोंदविली. अंडी उबविणे आणि पिलांची बहुतेक जबाबदारी मादीकडेच राहते. हा अभ्यास १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे त्यांचे विद्यार्थी व्ही. सी. आंबेडकर यांनी भारतातील विणकर पक्ष्यांवर सविस्तर संशोधन केले, त्याचा पाया किहीमचा हा लेख होय.

मराठीत या पक्ष्याला सुगरण म्हणतात आणि हे नाव स्त्रीलिंगी आहे. बहिणाबाई चौधरींच्या सुप्रसिद्ध कवितेतही खोपा बांधणारी ती आई आहे. प्रत्यक्षात विणकाम नराचे आणि पारख मादीची. मात्र पारख करणारीलाच सुगरण म्हणावयाचे, असे मानले तर मराठी नाव अगदीच चुकले असे म्हणता येणार नाही.

संस्थानांची सर्वेक्षणे

लेख प्रसिद्ध झाला तरी पोटाचा प्रश्न सुटलेला नव्हता. देशातील मोठमोठ्या संस्थानांच्या पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी झालेली नाही, हे सलीम अलींनी हेरले आणि प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च मिळाल्यास मानधनाशिवाय काम करण्याची तयारी दाखविली. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी एकामागून एक सर्वेक्षणे १९३० च्या दशकात आणि त्यानंतर पार पडली. तेहमिना अनेक मोहिमांत त्यांच्याबरोबर तंबूत राहिल्या. इंग्लंडमध्ये शिकलेल्या आणि शहरी सुखसोयींत वाढलेल्या या बाईंनी रानातील संसार आनंदाने पत्करला आणि पतीच्या लेखनाची भाषाही तपासून दिली.

या सर्वेक्षणांत नमुने गोळा करणे अपरिहार्य होते. दिवसा पक्षी टिपावेत, संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात त्यांची कातडी सोलून भरावीत, मापे घ्यावीत, चिठ्ठ्या लिहाव्यात, हा क्रम असे. नामनिश्चितीचे काम इंग्लंडमधील ह्यू व्हिसलर पाहत. या दोघांची मैत्री भांडणातून झाली. भृंगराज पक्ष्याच्या शेपटीतील लांब पिसांना आतील बाजूचा पडदा नसतो, असे व्हिसलर यांनी १९२९ मध्ये लिहिले होते. जुन्या ग्रंथांतून चालत आलेली ही चूक असल्याचे सलीम अलींनी दाखवून दिले. एका अपरिचित भारतीयाने आपली चूक काढावी, याचा व्हिसलर यांना प्रथम राग आला. पण त्यांनी आपले नमुने पुन्हा काढून पाहिले, चूक मान्य केली आणि पुढे ते सलीम अलींचे निकटचे सहकारी झाले. दक्षिणेतील सोनपाठी सुतार पक्ष्याच्या एका उपजातीला व्हिसलर आणि किनियर यांनी १९३४ मध्ये तेहमिना यांचे नाव दिले. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तेहमिना यांचे अकाली निधन झाले. सलीम अलींनी पुन्हा विवाह केला नाही. बहीण कम्मू आणि मेहुणे यांच्या घरी ते अखेरपर्यंत राहिले.

१९३७ मध्ये ते कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्यासह अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेले होते. या माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातील अनेक नमुने इतर संग्रहालयांतून चोरलेले आणि खोट्या चिठ्ठ्या लावलेले असल्याचे दोघांच्याही मृत्यूनंतर उघड झाले. त्याचा फटका महाराष्ट्रालाही बसला. रानपिंगळ्याचा, जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळविलेला, एकोणिसाव्या शतकातील एक नमुना त्यांनी पुन्हा भरून, गुजरातेतील मांडवी येथे १९१४ मध्ये स्वतः मिळविल्याची चिठ्ठी लावून ठेवला होता. या खोट्या चिठ्ठीने अभ्यासकांना कित्येक वर्षे चुकीच्या ठिकाणी नेले. ती फसवणूक उलगडल्यावर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हा पिंगळा नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ जिवंत आढळला.

फिनची सुगरण

किहीमच्या सुगरणीची एक दुर्मीळ नातलग हिमालयाच्या पायथ्याशी तराईत राहते. नैनितालजवळील कालाढुंगी येथे मिळालेल्या नमुन्यांवरून ह्यूम यांनी १८६९ मध्ये तिचे वर्णन केले. त्यानंतर हा पक्षी जवळजवळ विस्मृतीत गेला. फ्रँक फिन यांनी कलकत्त्याच्या बाजूला तो पुन्हा ओळखला, म्हणून त्याला त्यांचे नाव मिळाले. पण कुमाऊंच्या मूळ प्रदेशात तो आहे की नाही, हे कोणी सांगू शकत नव्हते. सलीम अलींनी १९३० च्या दशकात तराईतील गवताळ प्रदेश पालथा घालून त्याची वसाहत शोधून काढली. त्याच भागात ते पर्वती लाव्याच्याही शोधात होते. तो मात्र हाती लागला नाही आणि आजतागायत कोणालाही लागलेला नाही.

नमुने आणि जिवंत पक्षी

वर्गीकरणातील बारकाव्यांत सलीम अलींना फारसा रस नव्हता. पंखांच्या लांबीतील दोन-चार मिलिमीटरच्या फरकावरून नव्या उपजाती उभारण्याची त्या काळातील हौस त्यांना निरर्थक वाटे आणि नावांच्या वादांबद्दलचा वैताग ते अमेरिकी सहकारी एस. डिलन रिप्ले यांना पत्रांतून कळवीत. उलट बाजूने, सलीम अली पुरेसे नमुने गोळा करीत नाहीत, अशी तक्रार एर्न्स्ट मायर यांनी रिप्ले यांच्याकडे केली होती. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी रास्त होते. एका जातीचे दोन-तीन नमुने असले तर वयाचा, ऋतूचा आणि प्रदेशाचा फरक वेगळा काढता येत नाही, ही मायर यांची अडचण खरी होती.

तरीही सलीम अली नमुने गोळा करण्याच्या विरोधात कधीच नव्हते. आपल्या हातून मोठ्या संख्येने पक्षी मारले गेले हे त्यांनी लपविले नाही. हौसेखातर होणारी हत्या त्यांना घृणास्पद वाटे, पण नमुन्यांच्या आधाराशिवाय भारतीय पक्ष्यांची ओळख निश्चित झाली नसती, असे त्यांचे स्पष्ट मत होते. त्यांना संत ठरविण्याच्या भरात हा भाग अनेक लेखक गाळतात, ते योग्य नाही.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि ग्रंथलेखन

१८८३ मध्ये स्थापन झालेल्या या सोसायटीतील बहुतेक कार्यकर्ते इंग्रज होते. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी परतल्यावर संस्थेची आर्थिक स्थिती बिकट झाली. सलीम अलींनी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांना पत्र लिहून साहाय्य मिळविले आणि संस्था तगली. तिच्या संग्रहात पंचवीस हजारांहून अधिक पक्षिनमुने आहेत. त्यांची खणावार तपासणी करून यादी प्रसिद्ध करण्याचे किचकट काम सलीम अलींचे आप्त हुमायून अब्दुलअली यांनी १९६८ पासून जवळजवळ तीन दशके केले. ज्या कपाटांपुढे मिलार्ड यांनी एका मुलाला उभे केले होते, त्या संग्रहाचा हिशेब असा भारतीय हातांनी पुरा झाला.

१९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सोसायटीने पक्ष्यांना कडी घालण्याची मोठी योजना राबविली. पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांमार्फत रोग पसरतात काय, हा संघटनेचा प्रश्न होता. सलीम अलींनी त्या निमित्ताने स्थलांतराचा अभ्यास देशभर उभा केला. हेलिगोलँडला पाहिलेली कडी तीस वर्षांनी भारतीय पक्ष्यांच्या पायांत आली.

१९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तकाने सामान्य वाचकाला पक्ष्यांची ओळख करून दिली. डेहराडूनच्या तुरुंगात असलेल्या नेहरूंनी नैनीच्या तुरुंगातील इंदिरा गांधींना ते भेट दिले होते. रिप्ले यांच्यासह लिहिलेला भारत व पाकिस्तानातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ हे त्यांचे सर्वांत मोठे काम. १९८५ मध्ये आलेल्या आत्मचरित्राला त्यांनी बालपणी टिपलेल्या चिमणीवरूनच नाव दिले.

सन्मान आणि मृत्यू

त्यांना १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण देण्यात आले. ब्रिटिश पक्षिशास्त्र संघाचे सुवर्णपदक १९६७ मध्ये मिळाले. हे पदक मिळविणारे ते पहिलेच बिगर-ब्रिटिश होते. पदवी नसल्याने डावलल्या गेलेल्या या अभ्यासकाला अलिगढ, दिल्ली आणि आंध्र विद्यापीठांनी सन्मान्य डॉक्टरेट दिली. १९८५ मध्ये राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. भरतपूरचे अभयारण्य आणि केरळातील सायलेंट व्हॅली वाचविण्यात त्यांच्या शब्दाचे मोठे वजन पडले. २० जून १९८७ रोजी, नव्वदाव्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे मुंबईत निधन झाले. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. त्याचा आरंभ मारुती चितमपल्ली यांच्या आणि शेवट सलीम अलींच्या जन्मदिनी होतो.

त्यांच्या नावाचे जीव

तराईतील फिनच्या सुगरणीच्या पूर्वेकडील उपजातीला हुमायून अब्दुलअली यांनी १९६० मध्ये सलीम अलींचे नाव दिले. फळे खाणाऱ्या एका वटवाघळाची हकीकत तर खणांचे महत्त्व पटविणारी आहे. १९४८ मध्ये अँगस हटन यांनी दक्षिणेतील हाय वेव्ही डोंगरात मिळविलेला हा प्राणी नेहमीच्या आखूड नाकाच्या वटवाघळाच्या नावाखाली सोसायटीच्या संग्रहात पडून होता. थायलंडचे किट्टी थाँगलाँग्या यांनी तो तपासला, तेव्हा तो केवळ नवी जातीच नव्हे तर नवी प्रजाती असल्याचे आढळले. १९७२ मध्ये त्याचे नाव लॅटिडेन्स सलीमअलीआय असे ठेवण्यात आले.

अलीकडचे उदाहरण एका गायक पक्ष्याचे आहे. अरुणाचल प्रदेशात २००९ मध्ये पेर आल्स्ट्रॉम आणि शशांक दळवी यांना एकाच समजल्या जाणाऱ्या कस्तुराची दोन वेगवेगळी गाणी ऐकू आली. वृक्षरेषेवरील खडकाळ भागातील पक्षी खरखरीत आवाजात गात होता, तर खालच्या जंगलातील पक्षी मंजुळ. केवळ गाण्यावर नाव ठरविता येत नसल्याने सात देशांतील पंधरा संग्रहालयांचे नमुने तपासण्यात आले. दोन्ही जातींचे पक्षी अनेक दशके एकाच नावाच्या चिठ्ठीखाली शेजारी शेजारी पडून होते. २०१६ मध्ये जंगलातील मंजुळ गळ्याच्या कस्तुराला झूथेरा सलीमअलीआय हे नाव देण्यात आले.